कालक्षेप सोडायची अट

तंजावरकडून मद्रासेत येऊन राहिलेल्या मराठी घरांत हरिकथेला कालक्षेप म्हणतात. गळ्यात माळ, हातात चिपळ्या, मागे मृदंग आणि झील धरायला एखादा तयार गळा. दिवेलागणीला देवळाच्या अंगणात उभं राहून रामाची-कृष्णाची कथा गाऊन सांगायची, त्याचं नाव कालक्षेप. काळ जायचाच आहे, तर तो हरीच्या नावात जावो, असा त्या शब्दाच्या पोटातला गोड भाव. तिकडचे तमिळ लोकही हाच शब्द वापरतात. इकडे पुण्याकडे कालक्षेप म्हणजे नुसता वेळ काढणं, माशा मारणं. पण मद्रासच्या मैलापुरातल्या सेतुमाधवाला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी त्याचे पूर्वज दक्षिणेत गेले, तेव्हा भाषेचं गाठोडं पाठीवर घेऊन गेले. मागे राहिलेल्या भाषेत पुढे काय काय झालं, ते कळवायला तिथवर कोण जाणार?

सेतुमाधव हा चंद्रमौळी भागवतरांचा एकुलता मुलगा; कथेकऱ्याला तिकडे भागवतर म्हणतात. भागवतरांचं नाव असं, की रामनवमीचा उत्सव जवळ आला की मैलापूरची राममंडळी दुसऱ्या कोणाचा विचारही करीत नसत. त्यांच्या मागे सेतू झील धरायचा. आवाज फुटायच्या आधीपासून धरत आला होता. भागवतरांनी साकीची ओळ उंच नेऊन सोडली की ती खाली पडू न देता अलगद झेलायची, हे त्याचं काम. लोक म्हणत, "बापानंतर हाच." भागवतर स्वतः तसं कधी बोलले नाहीत. उद्या सूर्य उगवणार आहे, असं कोणी घरात बसून बोलतं का?

मधल्या काळात सेतूनं ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. त्यालाही कोणी नको म्हटलं नाही. दिवसा नोकरी, संध्याकाळी कालक्षेप, हे त्या घरांत नवं नव्हतं. ते बासष्ट साल. मद्रासेजवळच्या आवडी गावाच्या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका, मोटारींचे गिअर बनवणाऱ्या नव्या कारखान्यानं त्याला मुलाखतीला बोलावलं.

आधी त्याला एका टेबलाशी नेऊन उभं केलं. समोर एक दातेरी चाक ठेवलं, कोरा कागद ताणून दिला आणि म्हणाले, काढा. सेतूनं पेन्सिलीला टोक केलं. त्यानंतर कोणीतरी येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा त्यानं दचकून वर पाहिलं. खोलीतले बाकीचे उमेदवार केव्हाच उठून गेले होते.

मुलाखत घ्यायला बिवलकर नावाचे साहेब होते. नुकतेच पुण्याहून बदलून आलेले; कानांवर मराठी पडावी म्हणून आसुसलेले. दोन-चार प्रश्न इंग्रजीत झाले आणि मातृभाषेची गोष्ट निघाली. मराठी, असं सेतू म्हणताच साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"अरे! मग मघापासून दोघं इंग्रजी कशाला झाडतोय? बोला, बोला. ड्रॉइंग झकास काढलंत. सध्या काय करता?"

"कालक्षेप करतों, सर."

साहेबांची पेन्सिल थांबली. "काय करता?"

"कालक्षेप. अप्पांसंगती."

"म्हणजे वडीलही कालक्षेपच करतात?"

"होय, सर. अप्पांचें नांव मोठें आहे. कुंभकोणापासून मदुरैपर्यंत बोलावणीं येतात. शाल घालतात."

"कालक्षेप करतात म्हणून शाल घालतात!" साहेबांचे डोळे बारीक झाले. "आणि आजोबा?"

"आजोबा दरबारांत कालक्षेप करीत."

"दरबारात दुसरं करतात काय म्हणा!" साहेब खो खो हसले. "वा, राव! मद्रासेत राहून अगदी सदाशिवपेठी तिरकस बोलता."

त्यात हसण्यासारखं काय होतं, ते सेतूला उमगलं नाही. पण साहेब हसताहेत म्हणून तोही थोडं हसला. मग साहेब पुढे झुकले, आवाज खाली आणला आणि वडीलधाऱ्या मायेनं म्हणाले,

"चेष्टा पुरे. एक सांगतो, मनावर घ्या. नोकरी तुमची. पण हे कालक्षेपाचं सोडून द्यावं लागेल. पुरतं. इथं एक मिनिट कालक्षेप चालायचा नाही."

"रविवारीं, सर?"

"रविवारीही नको! त्याची चटक वाईट. एकदा रक्तात भिनली की माणूस कशाच्या कामाचा राहत नाही. तुमच्या घरात तर पिढ्यान् पिढ्या भिनलेली दिसते. तुम्ही तरी बाहेर पडा. सोडाल?"

"सोडतों, सर. आजच सोडतों."

"घरी विचारायचंय का?"

"घरीं विचारण्याजोगें कांहीं नाहीं."

"शाब्बास!" साहेबांनी हात पुढे केला.

हात हातात घेऊन, नमस्कार करून, सेतू बाहेर आला. कारखान्याच्या फाटकापर्यंत तो ठीक चालला. फाटकाबाहेर चिंचेच्या सावलीत मात्र तो थांबला. आपण काय बोललो? साहेबानं हरिकथा सोड म्हटलं, तिला चटक म्हटलं, आणि आपल्या तोंडून साधा एक 'पण' निघाला नाही. कोणी धमकावलं नव्हतं. कोणी गळा धरला नव्हता. जिभेवर जणू ते वाक्य पूर्वीच येऊन बसलं होतं आणि कोणी दार उघडायची वाट पाहत होतं.

आवडीच्या स्टेशनवर गाडी आली. तो चढला, बसला, मद्रास सेंट्रलला उतरला. यातलं काही त्याला नंतर आठवेना.

घरी भागवतर कापी, म्हणजे कॉफी, घेत बसले होते. आई कामाक्षी सुपात उडीद पाखडत होती. धाकटी बहीण हेमावती दारातच उभी.

"अण्णा, काय झालें? तोंड असें कां? नाहीं म्हटलें?"

"दिली नोकरी."

"अय्यो, मग रडतोस काय? अम्मा, ऐकलेंस?"

"पण अट आहे," सेतू म्हणाला. "कालक्षेप सोडला पाहिजे."

सूप थांबलं. भागवतरांनी कापीचा पेला ओठांपाशी नेला होता, तो तसाच खाली आणला.

"सोड म्हणाला? कोण हा साहेब? परदेशचा आहे?"

"नाहीं, अप्पा. आपलाच. मराठी. पुण्याचा."

"पुण्याचा!" भागवतरांनी दोन्ही हातांनी मांड्या धरल्या. त्यांच्या लेखी पुण्याकडचा मुलूख म्हणजे संतांच्या पायधुळीचा मुलूख. तिथला चुकार कुत्राही हरी हरी करूनच भुंकत असेल, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. "संतांच्या मुलखांतला माणूस हरिकथा सोड म्हणाला? रविवार तरी मोकळा ठेविला?"

"रविवारींही नको म्हणाला. म्हणाला, चटक वाईट. रक्तांत भिनते."

"चटक!" भागवतर पुटपुटले. "रामाच्या नांवाला चटक म्हणाला. कलि कलि म्हणतात तो हाच."

"तूं काय म्हणालास, अण्णा?" हेमावतीनं विचारलं.

सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. "विचार करून सांगतों म्हणालों," सेतू म्हणाला. हे वाक्यही कसं अलगद आलं! एका दिवसात दुसऱ्यांदा स्वतःच्याच तोंडाकडे परक्यासारखं पाहायची वेळ त्याच्यावर आली.

"शाबास," आई म्हणाली. "दुसरी नोकरी पाहूं. मद्रासेंत काय तो एकच कारखाना आहे?"

"तुज ती नोकरी पाहिजे काय रे?" भागवतरांनी विचारलं.

"बरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतर रोजच्यासारखे गायला बसले, पण सूर लागेना. तंबोरा दोनदा जुळवला, तिसऱ्यांदा भिंतीला टेकवून ठेवला. रामनवमी दारात आलेली आणि भागवतर दोन-दोन घास जेवून उठत. शेवटी शनिवारी त्यांनी ठरवलं.

"सेतू, उद्यां मज त्या साहेबाकडे ने."

"कशाला, अप्पा? नको म्हणून कळवितों ना मी."

"तें तूं कळव. मला त्याला एवढेंच विचारावयाचें आहे, कीं बाबा, हरिकथेनें तुझें काय वाईट केलें? विचारल्यावांचून मज रामापुढें उभें राहवणार नाहीं."

सेतूनं पुष्कळ आडेवेढे घेतले. आईनं समजावलं, हेमावतीनं थट्टा केली, "अप्पा, त्यास शाप तर देणार नाहीं ना? अण्णाची नोकरी जायची!" पण भागवतरांचं एकदा ठरलं की ठरलं.

रविवारी सकाळी बापलेक किल्पाकला साहेबांच्या बंगल्याशी पोचले. भागवतरांनी उत्सवातली जरीकाठी वेष्टी नेसली होती, कपाळाला गंध, खांद्यावर शाल, आणि हातात नारळ. कारण भांडायला जायचं झालं तरी रिकाम्या हातानं जाऊ नये. साहेब पायजम्यात, व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. सेतूला पाहून ते लगबगीनं उठले.

"अरे, या या! आणि हे वडील? वा! मिरजेहून येतायत असं वाटतं. अगं, ऐकलंस का, मराठी मंडळी आलीत, पोहे टाक!"

पोहे आले. भागवतरांनी बशीला बोटही लावलं नाही. नारळ समोर ठेवून ते हात जोडून म्हणाले,

"राव, मी भांडावयास आलों नाहीं. एक गोष्ट समजून घ्यावयास आलों. आमुच्या घरांत चार पिढ्या कालक्षेप चालला. तो आमुचा श्वास आहे. तुम्ही मुलाला म्हटलें, तो सोड. विचार करूनच म्हटलें असेल. कारण तेवढें मज सांगा."

बिवलकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बुवा, रागावू नका. मुलगा म्हणाला तेव्हा मला चेष्टा वाटली. तुम्ही तर गंभीरपणे म्हणताय. कालक्षेप हा श्वास?"

"होय."

"आणि तुम्हाला... लाज नाही वाटत?"

"लाज!" भागवतरांचा चेहरा उतरला. "चारचौघांत उभा राहून करतों, राव. देवाच्या देवळांत करतों."

"देवळात? तिथले लोक काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात. अजून थोडा करा म्हणतात."

साहेब सेतूकडे पाहू लागले, सेतू जमिनीकडे. साहेबांच्या बाईंनी मात्र, काही तरी इकडचं तिकडे झालंय, हे स्वयंपाकघराच्या दारातूनच हेरलं. त्या पुढे आल्या, पदर सावरून म्हणाल्या, "बुवा, मी अडाण्यासारखं विचारते. कालक्षेप करता म्हणजे तुम्ही नेमकं काय करता हो?"

पाणी ओलं म्हणजे कसं, असं कोणी विचारावं तसा प्रश्न. भागवतर उठून उभे राहिले, शालीचं टोक खोचलं, डोळे मिटले आणि त्या व्हरांड्यात, पोह्यांच्या बशांसमोर, गाऊ लागले. आवाज आधी जरा थरथरला, मग मोकळा झाला. समोरच्या रस्त्यावरून सायकलवर चाललेला माणूस पाय टेकून उभा राहिला. ओळ वर गेली, तिथं सुटली, आणि सवयीनं सेतूनं ती झेलली.

"अहो, हे तर कीर्तन!" बिवलकर ओरडले. वर्तमानपत्र त्यांच्या पायांशी पडलं. "बुवा, हे कीर्तन आहे!"

"कीर्तनें गातों," भागवतर म्हणाले. त्यांच्याकडे कीर्तन म्हणजे सुटं गाणं. "पण कथा लाविली, निरूपण केलें, म्हणजे तो कालक्षेप."

"आणि आमच्याकडे कालक्षेप म्हणजे... अगं, सांग तू, मला नाही धीर होत!"

बाईंनी हसू आवरत सांगितलं. भागवतरांना ते दोनदा सांगावं लागलं. माशा मारणं म्हणजे काय, तेही एकदा. मग ते मटकन खुर्चीत बसले आणि असे हसले, की डोळ्यांतून पाणी येऊन गंध ओघळलं.

"म्हणजे मी म्हटलें, आमुच्या चार पिढ्यांनीं माशा मारिल्या! आणिक माशा मारल्याबद्दल शाली घेतल्या! रामा रामा! काय म्हणाल तुम्ही मनांत!"

"मी काय म्हणणार? मी म्हटलं, असलं घराणं पुण्यातसुद्धा नाही!" बिवलकरांनी वाकून भागवतरांच्या पायांना हात लावला. "हरिकथा सोड म्हणेन तर जीभ झडेल माझी. माफ करा, बुवा."

किती दिवसांचं मळभ गेलं. भागवतरांनी बशी ओढून घेतली आणि पोहे खाऊ लागले. साहेब आता भलतेच खुलले होते. त्यांनी सेतूच्या पाठीवर थाप दिली.

"आणि हा पठ्ठ्या! मला किती आवडला तेव्हा! म्हटलं, चार पिढ्यांची सवय आणि हा एका झटक्यात म्हणतो, 'आजच सोडतो.' मी विचारलं, घरी विचारायचंय का? तर म्हणे, घरी विचारण्याजोगं काही नाही! आता बिलकूल सोडू नका हं. दोन्ही करा. उत्सवाच्या दिवसांत लवकर जा, मी सांगेन."

हसू साहेबांचं चाललं होतं. बाईही हसत होत्या. भागवतरांचा घास हातात राहिला. त्यांनी सेतूकडे पाहिलं. मग तो घास त्यांनी बशीत परत ठेवला, पाणी प्यायले, आणि साहेबांना म्हणाले, "फार उपकार झाले, राव. उत्सवास या. बाईंसही आणा."

बस थांब्यावर एक बाक होता. त्यावर दोघं बसले. मैलापूरची बस आली. भागवतर उठले नाहीत. ती गेली.

"अप्पा," सेतू म्हणाला, "मज क्षमा करा. त्या दिवशीं घाबरून मुखांतून गेलें."

"घाबरला होतास काय?"

सेतू रस्त्याकडे पाहू लागला.

"उगा खोटें नको बोलूं. एकदां बोललास तें पुरे. त्याची अट खोटी निघाली, रे. शब्दाचा घोटाळा झाला. पण तूं दिलेलें उत्तर? त्यांत कुठें घोटाळा होता?"

आणखी एक बस आली, गेली. साहेबांनी 'दोन्ही करा' म्हटलं, तेव्हा साहेब आणि बाई हसले आणि आपल्याला एकट्याला मात्र कोणी दार बाहेरून लावून घेतल्यासारखं वाटलं, हे सेतूला त्या व्हरांड्यातच कळलं होतं. ते अजूनही गिळता आलं असतं. एक 'चुकलों, अप्पा' म्हणायचं, आठवड्यानं पुन्हा मागे जाऊन बसायचं. जन्म निघाला असता.

"नाहीं, अप्पा," तो म्हणाला. "उत्तर खरें होतें."

"कालक्षेप नको वाटतो?"

"तुमचा कालक्षेप नको कसा वाटेल? माझा नको वाटतो." त्याला शब्द सापडेनात, सापडले ते तसेच ओतले. "मागें बसून गातों तेव्हां मज सगळें ऐकूं येतें. कोणाचें मूल रडतें, कोण जांभई देतो, रस्त्यांत काय चाललें. सूर चुकत नाहीं, पण तो मी घडवितों. तुमचा कसा, आपणच येतो. आणि त्या दिवशीं त्या चाकाची आकृति काढीत होतों, अप्पा, तेव्हां लोक उठून गेले तें मज कळलेंही नाहीं. तेथें असें होतें. लहानपणापासून होतें. तुम्हांस सांगावें कसें, कळलें नाहीं. लोक म्हणत, बापानंतर हाच. तें ऐकलें कीं पळून जावेंसें वाटे."

"पळून," भागवतर म्हणाले.

"पगार त्याहून अधिक देणारा दुसरा कोणी कालक्षेपास मोकळीक देईल, तरी मी आवडीसच जाईन. आणि या साहेबानें मोकळीक दिली, म्हणून मी मागें बसणार नाहीं. बसलों तर तो कालक्षेप त्या साहेबाच्या अर्थानें होईल. देवापुढें वेळ काढणें."

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच भय वाटलं. बापाला असं कोणी बोलतं का? भागवतर हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते. त्या बोटांतल्या चिपळ्या थांबलेल्या त्यानं आजवर पाहिल्या होत्या, पण बोटं अशी निर्जीव कधी पाहिली नव्हती.

"चार पिढ्या," भागवतर म्हणाले. "माझ्या मनांत कधीं आलेंच नाहीं, कीं तुज विचारावें. अम्मेनें विचारिलें नाहीं, मी नाहीं. एका परक्या माणसानें विचारिलें, तेंही चुकून." ते सेतूकडे वळले. "सेतू, माझ्या मागें बसून तूं इतकीं वर्षें गायलास. समोर बसून मला कधीं ऐकलेंस काय?"

सेतूनं विचार केला. "नाहीं, अप्पा. कधींच नाहीं."

"मग उत्सवांत समोर बैस. मागचें माझें मी पाहीन."

"रागानें म्हणतां?"

"राग आहे की," भागवतर म्हणाले. "खोटें कशाला सांगूं? राग आहे, आणिक भूकही लागली आहे. पोहे तसेच राहिले. ऊठ, बस आली."

रामनवमी झाली. जन्माच्या दिवशी सेतू आईबरोबर गर्दीत मागे कुठंतरी उभा होता. पाळण्याच्या गडबडीत कोणाला काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी कथा होती विश्वामित्रागमनाची. देवळापुढच्या पंदलात, म्हणजे मांडवात, सतरंज्या अंथरल्या होत्या, माणसांनी पंखे हातात घेतले होते. बिवलकर पतिपत्नी वेळेवर आली. सेतू त्यांच्याशेजारी, पहिल्याच ओळीत बसला. ओळखीच्या दोघा-तिघांनी माना वळवून पाहिलं: हा खाली कसा? भागवतरांच्या मागे मृदंगवाला होता, पेटीवाला होता, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस मावेल एवढी सतरंजी रिकामी होती. ती कोणी आवरून घेतली नव्हती.

भागवतरांनी कथा लावली. विश्वामित्र दशरथाच्या दरबारात येतो. राजा हर्षानं म्हणतो, मागा मुनिवर, जे मागाल ते दिलं. आणि मुनी म्हणतो, तुझा राम दे.

इथवर ही कथा सेतूनं कितीदा ऐकली होती. शब्द पाठ, ताल पाठ, कुठं श्वास घ्यायचा तेही पाठ. पण ते सगळं अप्पांच्या मानेकडे, पाठीवरच्या शालीकडे पाहत. आता त्याच्यापुढे अप्पांचं तोंड होतं. 'राम दे' म्हटल्यावर त्या तोंडावरचं रक्त उतरलं. खरंच उतरलं, समयांच्या उजेडात सेतूला ते दिसलं. ओठ हलले आणि शब्द आला नाही. दिलेला शब्द आणि पोटचा मुलगा, यांच्यामध्ये एक म्हातारा राजा उभा होता, आणि आता कुठं वळावं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय हो बुवांचा अभिनय!" बिवलकर कानाशी कुजबुजले.

सेतूची नजर अप्पांवरून हलली नाही. गेल्या वर्षीही अप्पांचं तोंड असंच झालं होतं का? त्याच्या आदल्या वर्षी? आपण सगळा जन्म या माणसाच्या चार हात मागे बसलो आणि हे आपल्याला कधीच दिसलं नाही! उठावं, त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसावं, म्हणावं, अप्पा, नको ती आवडी. गुडघा जमिनीवरून उचललाही गेला.

तेवढ्यात भागवतरांनी साकी उचलली.

"मागितलें मुनिवरें जयाला, तो राजाचा प्राण।
देतां देतां हात कांपती, कैसें देऊं दान॥"

ओळ वर गेली आणि वरच सुटली. सवयीनं भागवतरांचा डावा हात मागे गेला, झील मागायला. मागे कोणी नव्हतं. मृदंगवाल्यानं दोन मात्रा जास्त वाजवल्या, पेटी अडखळली. पंदलात माणसं श्वास धरून बसली. सेतूचा गळा आपोआप उघडला. पण अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जागीच बसला. त्या नजरेत राग नव्हता, 'ये' नव्हतं, 'नको'ही नव्हतं. दशरथाला वसिष्ठ समजावतात, राजा, दे, त्याचं भलं त्यातच आहे, तो क्षण होता कथेत.

भागवतरांनी मागे गेलेला हात पुढे आणला. दोन्ही हात ओंजळीसारखे लोकांपुढे धरले.

"काय हो, झील धरणारा एकच असावा असें शास्त्र आहे काय? तुम्हीं सर्वांनीं म्हणा."

आधी म्हाताऱ्या बायकांनी सुरुवात केली. मग खांबाशी बसलेल्यांनी, मग मुलांनी. तमिळ घरांतल्या लोकांना अर्थ कळत नव्हता, पण वर्षानुवर्षं ऐकून चाल पाठ होती. बिवलकरही बेसूर म्हणू लागले. शेजारच्या एका आजीबाईनं सेतूच्या बरगडीत कोपर मारलं.

"म्हण कीं, मेल्या! रामाचें म्हणावयास लाज कसली?"

सेतूनं म्हटलं. शे-दोनशे गळ्यांत त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. ओळ साऱ्यांनी मिळून झेलली आणि वर पोचवली. भागवतरांनी डोळे पुसले, शालीचं टोक पुन्हा खोचलं, आणि चिपळ्या वाजवत पुढची कथा घेतली. राम-लक्ष्मण विश्वामित्राच्या मागून निघाले होते. कौसल्या वेशीपर्यंत आली होती. दशरथ आला नव्हता. तो गच्चीवर उभा राहून पोरं दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता, असं भागवतर सांगत होते, आणि सेतू, पहिल्या ओळीत मांडी घालून, ते ऐकत होता.